भरलेलं काही ठेवायचं नाही

अंकुश गजभियेच्या घरात भरलेलं काही ठेवायची सोय नव्हती. निजायच्या आधी गॅसचा रेग्युलेटर उतरवायचा, कुकरची वाफ जिरली तरी शिटी उचलून पाहायची, कूलरमधलं पाणी सोडून द्यायचं, टीव्हीची पिन काढून वायर गुंडाळायची. खुशबूच्या दहाव्या वाढदिवसाला पाहुणे जेवत असतानाच याने फुग्यांच्या गाठी सोडून एकेक फुगा रिकामा केला होता आणि रबर नीट घडी घालून डब्यात ठेवलं होतं. पोरं बघत राहिली. रत्नमाला, म्हणजे त्याची बायको, तेव्हापासून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या घरी पोट सोडून काही भरलेलं ठेवत नाईत बाप्पा."

हे वळण जवाहरनगरच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीतलं. अंकुश तिथे सुपरवायझर. गेटवर मोबाइल आणि माचीस काढून द्यायची, आत जायचं, आणि पाळी संपली की हातात जे काही असेल ते तीन गोष्टी करूनच सोडायचं: रिकामं करायचं, उतरवायचं, हवाली करायचं. रिकामं, उतरवलेलं, हवाली. नवीन पोरगा कामावर आला की अंकुश त्याच्याकडून हे तीन शब्द घोकून घ्यायचा. नियम उत्तमच होता. जिथे दारूचं काम चालतं तिथे असाच हवा. पण माणसाने संध्याकाळी गेटवर मोबाइल परत घेताना नियम तिथेच ठेवून घरी यावं, तर हा फॅक्टरीच्या बसमधून नियमही सोबत घेऊन यायचा. त्या नियमावर त्याची नोकरी झाली होती, क्वार्टर मिळालं होतं, पोरगी शिकली होती. तो कशाला सोडेल?

पोरगी शिकता शिकता नेमबाजीला लागली. कॉलेजच्या शिबिरात कुणीतरी हातात रायफल दिली आणि खुशबूचे छर्रे एकाच भोकातून जायला लागले. दोन वर्षं क्लबची जुनी रायफल वापरल्यावर अंकुशने तिला स्वतःची घेऊन दिली. देशी बनावटीची, पण हवेच्या नळीची. म्हणजे बॅरलखाली एक पोलादी नळी असते, तिच्यात दाबून हवा भरायची, टोकाला छोटा काटा असतो तो दाब दाखवतो. मागचा बोल्ट ओढला की आतला हातोडा मागे जाऊन अडकतो. घोडा दाबला की हातोडा सुटून झडपेवर आपटतो, झडप क्षणभर उघडते आणि तेवढी हवा छर्ऱ्याला घेऊन जाते. एकदा भरली की कितीतरी वेळ चालते. भरायची मात्र दोनच रीतीने, हातपंपाने नाही तर पाणबुडे पाठीवर घेतात तसल्या टाकीने.

रायफल घरी आली त्या दिवशी अंकुशने तिला हळदीकुंकू लावलं नाही, बाबासाहेबांच्या फोटोपुढे ठेवली आणि मेणबत्ती लावली. आणि रात्री निजायच्या आधी साहजिकच रिकामी केली. काटा शून्यावर येईपर्यंत खुशबूला घोडा दाबायला लावला, हातोडा उतरवला, पेटी बंद केली, किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी बापलेक पंप घेऊन अंगणात बसले तर रायफल भरेचना. पंप दाबावा आणि हवा बॅरलच्या तोंडातून फुस्स करून निघून जावी. काटा हलायलाही तयार नाही. खुशबूने नागपूरच्या दुकानातल्या मनिष नावाच्या मिस्त्रीला फोन लावला आणि फोन ठेवून म्हणाली, "बाबा, मनिषदादा म्हणून राहिले का अगोदर बोल्ट ओढा, मंग भरा. नळी अख्खी खाली असली का हातोडा झडपेवर टेकून राहते अन् झडप उघडी राहते, म्हणते. अन् खाली करूच नका म्हणते. थोडी हवा आत राहू द्याची."

"हातोडा चढवून भराची?" अंकुशने पंपाची मूठच सोडली. "कोनं सांगतलं हे? भरताना हत्यार चढवलेलं नसावं, हे शेंबड्या पोराले समजते. दुकानात बसून स्क्रू पिळणारा मले शिकवन?"

"बाबा, छर्रा तर नाई ना आत."

"छर्रा नाई म्हनूनच लोक मरतात. जोडाचं रबर नवं हाय, बसलं का भरन. उद्या पाहा."

दुसऱ्या दिवशी तो सकाळच्या पाळीला गेला आणि संध्याकाळी येऊन पाहिलं तर काटा हिरव्या पट्ट्यात. रायफल टच्च भरलेली. तो इतका खूश झाला की रत्नमालेला बोलावून काटा दाखवला. "पाह्य, बसलं का नाई रबर? सांगत होतो मी." खुशबू त्या वेळी चहा गाळत होती. तिने मान वर केली नाही.

मग तो रोजचा पाठच झाला. दिवसा खुशबू भरायची आणि सराव करायची, रात्री अंकुश रिकामी करून हातोडा उतरवून पेटी बंद करायचा. रोज रिकामी व्हायची आणि रोज भरली जायची. काय बिघडलं? फॅक्टरीच्या बसमध्ये शेजारी बसणाऱ्या ताराचंदला तो सांगायचा की दुकानदार लोकांना काही कळत नाही, हत्यार सांभाळायची अक्कल फक्त आपल्या फॅक्टरीच्या लोकांना आहे. ताराचंदला झोप यायची. तो मान हलवायचा.

सराव क्लबात व्हायचा आणि क्लब भैय्याजीच्या गोदामात होता. भंडाऱ्यातलं जुनं राइस मिलचं गोदाम. धान कधीच तिथून हललं होतं, पण भिंतीला कोंड्याचा वास अजून होता. भैय्याजीची पोरगी रेणू नेमबाजीला लागली तशी त्याने गोदामाला रंग दिला, एका टोकाला निशाणं लावली, टाकी आणली आणि गावातल्या इतर पोरापोरींनाही या म्हणाला. टाकी सगळ्यांना वापरायला. कुणाकडून काही घेत नव्हता. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण अंकुशला विचाराल तर तो निराळं सांगेल.

अंकुशचं कारण जुनं होतं. त्याचा बाप डोमा आसगाव सोडून भंडाऱ्याला आला तो याच मिलमध्ये पोती वाहायला. अंकुश लहान असताना दुपारी बापाचा डबा घेऊन यायचा. एकदा त्याने पाहिलं की भैय्याजीचा बाप, मिलचा मालक, मागे हात बांधून उभा आहे आणि डोमाला सांगतो आहे, "असा नाई डोमा, असा. खांदा खाली घे." डोमाने त्या दिवसापर्यंत किती पोती उचलली असतील? त्याने मान डोलावली, खांदा खाली घेतला आणि जसं रोज उचलायचा तसंच पोतं उचललं. भैय्याजी तेव्हा अंकुशच्याच वयाचा. तो वजनकाट्यावर बसून मुरमुरे खात होता. बस, इतकंच झालं होतं. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. पण अंकुशच्या डोक्यातून ते "असा नाई, असा" गेलं नाही ते गेलंच नाही. आता त्याच गोदामात आपली पोरगी भैय्याजीच्या पोरीपेक्षा चांगली नेम मारते, हे बघायला तो पाळी बदलून यायचा. खुर्ची दिली तरी बसायचा नाही.

आणि ती खरंच चांगली होती. रेणूकडे परदेशी रायफल, जाड जॅकेट, सगळं. तरी दर महिन्याच्या चाचणीत खुशबू पुढे. दोघींचं आपसात बरं होतं, एका डब्यात जेवायच्या. भांडायचा शौक फक्त बापांना होता, त्यातही एकालाच.

जिल्हा निवडीची तारीख लागली. इथून पहिली येणारी एकच मुलगी राज्य स्पर्धेला जाणार होती, आणि राज्य खेळलेल्यांनाच पुण्याच्या अकादमीत घेणार होते. खुशबूचं हे ज्युनिअरचं शेवटचं वर्ष. घरात बोलणं झालंच होतं. निवड झाली तर पुणे. नाही झाली तर रायफल पेटीत आणि खुशबू नागपूरला आत्याकडे राहून डीएमएलटी करणार, रक्त-लघवी तपासायचं शिकणार. हा ठराव अंकुशनेच केला होता. "एक वर्ष देतो. मंग नोकरीचं पाहाचं," म्हणाला होता. खुशबूने हो म्हटलं, कारण तिला स्वतःबद्दल शंका नव्हती.

निवडीच्या आदल्या संध्याकाळी ती पेटीजवळ उभी राहिली. "बाबा, आज राहू द्या ना थोडी हवा. अख्खी खाली नका करू. उद्या तिकडे गर्दी राहीन."

"भरलेलं हत्यार घेऊन बसमध्ये बसू?"

"भरलेलं नाई. थोडीशी."

"थोडीशी म्हणजे भरलेलंच होते माय." त्याने काटा शून्यावर आणला, हातोडा उतरवला. "तिथं टाकी हाय ना त्याइची? तिथं भरू."

"मंग पंप घेऊ सोबत?"

"टाकी असताना पंप कायले पायजे? कमर मोडाची हाय का?"

खुशबू काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात रत्नमालेने हाक मारली आणि ते राहून गेलं. अंकुशला ते पुढे पुष्कळ वेळा आठवलं.

सकाळी गोदामात पोरंपोरी, मायबाप, चार-दोन शिक्षक असा मेळा जमला होता. पंच म्हणून तालुक्याच्या शाळेतले जागेश्वर सर आले होते, गळ्यात शिट्टी. पहिल्या तुकडीत रेणू खेळली. बरी खेळली, पण खुशबू रोज मारायची त्याहून कमीच. खुशबूने फळ्यावरचा आकडा पाहिला आणि हातातले मोजे ताणले. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. दुसऱ्या तुकडीत तिचा नंबर होता आणि रोजच्यासारखं खेळली असती तरी काम झालं असतं.

ती पेटी उघडून टाकीकडे निघाली तेव्हा अंकुशने तिच्या हातातून रायफल घेतली. "तू ध्यान लाव. मी भरतो."

"मीच भरते बाबा."

"हात थरथरन नेमाच्या वक्ती. बस तू."

"बाबा, मले भरू द्या ना. मले सवय हाय."

आता आजवर एकदाही रायफल त्याच्या हातून भरली गेली नव्हती, हे त्याच्या लक्षातही नव्हतं. सगळी दुनिया बघत असताना पोरीची रायफल बापाने तयार करावी, यात त्याला मोठी धन्यता वाटत होती. त्याने टाकीच्या होजचं टोक रायफलीच्या भोकात बसवलं आणि टाकीचा नळ हळूच उघडला. फॅक्टरीतल्या माणसासारखा, अगदी सावकाश.

बॅरलच्या तोंडातून हवा फुस्स करून निघाली. काटा थरथरला आणि शून्यावर पडला.

त्याने नळ बंद केला. टोक काढलं, त्यावरचं रबरी कडं पाहिलं, खिशातून नवं काढून घातलं, बोटावर चिमूटभर ग्रीस घेऊन लावलं. पुन्हा नळ उघडला. पुन्हा फुस्स. मग साबणाचं पाणी मागवलं आणि जोडावर सोडलं. कुठे बुडबुडा येत नव्हता. जोड पक्का होता, हवा आत जात होती आणि समोरून निघून जात होती. आवाज कुठून येतो हे तिथल्या झाडूवाल्या बाईलाही कळत होतं. पण अंकुशच्या डोक्यात रबर बसलं होतं, ते हलेना.

"बाबा." खुशबू त्याच्या कानाशी वाकली. "बोल्ट ओढा. एकदा ओढून पाहा."

"अन् हातोडा चढवून टाकीले लावू? एवढी पोरं उभी हायेत इथं." त्याचा आवाज चढला. "जीव घ्याचा हाय का कोनाचा?"

सगळे बघायला लागले. खुशबू मागे सरली. ती एकोणीस वर्षांची मुलगी होती, बाप चारचौघांत ओरडला की मागे सरायचं हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिने त्या क्षणी रायफल हिसकावून घेतली असती तर बरं झालं असतं, असं म्हणणं सोपं आहे.

मग त्याने ठरवलं की झडप अडकली असेल, एकदम जोराचा धक्का दिला की बसेल. नळ झपकन उघडला. गोदाम दणाणलं, दोन पोरांनी कान झाकले. तीनदा चारदा त्याने तसंच केलं. टाकीवरचा काटा खाली यायला लागला. ज्यांच्या रायफली भरायच्या राहिल्या होत्या त्यांचे बाप चुळबुळ करू लागले.

भैय्याजी खुर्चीवरून उठून आला. मागे हात बांधून उभा राहिला, कारण तो असाच उभा राहायचा, त्याचा बापही असाच उभा राहायचा. आणि म्हणाला, "असं नाई अंकुशभाऊ. तिचा बोल्ट ओढून घ्या अगोदर. अख्खी खाली हाय तं हातोडा झडपेवर बसला असन."

आवाज साधाच होता. मदतीचाच होता. पण अंकुशला त्यातले पहिले दोन शब्दच ऐकू आले. तो वळला.

"भैय्याजी, मी कोन्त्या फॅक्टरीत काम करतो, ठाऊक हाय ना? हत्यार कसं भराचं थे आमाले नका शिकवू. पोतं उचलाचं शिकवलं तुमच्या बापानं माह्या बापाले, थेवढं पुरे झालं."

"अंकुशभाऊ, मी कुठं..."

"तुमच्या रेणूची भरते अन् आमचीच भरत नाई. काहून? पहिल्या तुकडीले हवा बराबर होती, आता काय झालं टाकीले? कोनं पाहिलं का थे होज बदलला का काय?"

रेणूच्या रायफलीची हवेची नळी भरताना फिरवून वेगळी काढतात, तेव्हा झडपेवर हातोडाच नसतो, म्हणून ती भरते. इतकं सरळ उत्तर होतं. पण ते द्यायला भैय्याजीचं मन राहिलं नाही. त्याचं तोंड उतरलं. ज्या गोदामात त्याने गावाच्या पोरांसाठी हौसेने टाकी आणून ठेवली होती, तिथेच तो सगळ्यांसमक्ष चोर ठरला होता.

"ठीक हाय," तो म्हणाला. "जशी तुमची मर्जी. टाकी तुमच्यापाशीच राहू द्या."

आणि जाऊन खुर्चीवर बसला. माझं म्हणणं असं की त्याने आणखी एकदा सांगायला हवं होतं. वाकून स्वतःच बोल्ट ओढून द्यायला हवा होता, चार शिव्या खाऊन. पण अपमान पचवून दुसऱ्याच्या पोरीचं भलं करायला कोण उठतो? तो नाही उठला. एवढाच त्याचा दोष, आणि तो थोडा नव्हता.

जागेश्वर सरांनी शिट्टी वाजवली. दुसरी तुकडी. पोरी आपापल्या जागेवर उभ्या राहिल्या, एक जागा रिकामी. सर जवळ आले. "गजभिये, टाकीले हात लावू नका आता. बाकीच्या पोराइले हवा पुरली पायजे. सरावाचा टाइम सुरू झाला, तेवढ्यात रायफल तयार झाली तं ठीक, नाई तं मले नाव कापा लागन."

तेव्हा रेणू पुढे आली. तिच्या गालावर जॅकेटच्या कॉलरचा वळ अजून होता. तिने आपली रायफल दोन्ही हातांवर धरली होती. "काका, माझी घ्या. खुशबूनं चालवली हाय दोन-चार वेळा. भरलेली हाय."

खुशबूचा हात पुढे झाला. अंकुशने तो पाहिला. नीट पाहिला, बोटं रायफलीला लागायला वीतभर अंतर राहिलं होतं. आणि त्याच्या मनात आलं की आता ही रायफल घेतली तर आपण आत्ता बोललो ते सगळं खोटं ठरतं. भैय्याजीच्या गोदामात, भैय्याजीच्या पोरीच्या रायफलीने, भैय्याजीसमोर.

"राहू दे माय," तो रेणूला म्हणाला. "कोनाच्या मेहरबानीवर नाई खेळत माही पोरगी."

खुशबूने बापाकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. तो असता तर अंकुशला त्याचं काहीतरी करता आलं असतं. तिने हात मागे घेतला, मोजे काढले, घडी केली आणि खिशात टाकले. जागेश्वर सरांनी फळ्यावरचं तिचं नाव पुसलं. तुकडी सुरू झाली. छर्रे कागदावर टक् टक् वाजत राहिले आणि अंकुश मांडीवर रायफल घेऊन रबरी कडं काढत-घालत बसला. रेणू पहिली आली. तिने टाळ्या वाजवणाऱ्यांकडे बघितलं नाही.

घरी येताना बसमध्ये अंकुशच एकटा बोलत होता. कंपनीवर केस करतो, क्लबाची तक्रार करतो, वरपर्यंत लिहितो. खुशबू खिडकीशी बसली होती. बाहेर बांध्यांमध्ये धानाची रोवणी चालली होती, बाया ओळीने वाकल्या होत्या. ती ते बघत राहिली. जवाहरनगरच्या फाट्यावर उतरल्यावर पेटी त्याने उचलली. ती पुढे चालत गेली.

संध्याकाळी त्याने दुकानात फोन लावला. मनिष मिस्त्रीला झोडपायचं असंच ठरवून. बराच वेळ तो एकटाच बोलला. मनिषने ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, रायफल शून्यावर होती?"

"मंग? भरलेली नेऊ?"

"अन् बोल्ट ओढलेला होता का सोडलेला?"

अंकुशने पेटीकडे पाहिलं. "सोडलेला."

"मंग कशी भरन काका? मी खुशबूले पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. छर्रा घालाचा नाई, तोंड मातीकडे कराचं, बोल्ट ओढाचा, मंग भराची. त्यात धोका कोन्ताच नाई. तिले माहीत हाय."

अंकुशने फोन ठेवला. पंप काढून अंगणात गेला. पेटी उघडली, रायफलीचं तोंड बागेच्या वाफ्याकडे केलं आणि बोल्ट ओढला. आत हातोडा अडकल्याचा खट् आवाज झाला. पंप जोडून त्याने दाबायला सुरुवात केली. पहिल्या दाबाला फुस्स झालं नाही. दुसऱ्यालाही नाही. काटा हलला, मग सरकायला लागला, अगदी शहाण्या लेकरासारखा. अंकुशच्या कपाळावरून घाम नाकावर आला तरी तो दाबत राहिला, काटा हिरव्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला जाईपर्यंत. मग पंप सोडून, रायफल मांडीवर घेऊन तिथेच ओट्यावर बसला. धाप लागली होती. बॅरलमधून जराही आवाज येत नव्हता.

रत्नमाला दारात उभी होती. ती केव्हापासून उभी होती त्याला कळलं नव्हतं.

"असंच करे थे," ती म्हणाली. "रोज. तुमी ड्युटीवर गेले का बोल्ट ओढून भरे. मले म्हने, आई, बाबाले सांगू नको, त्याइले आवडत नाई. मी म्हटलं सांगून टाक. तं म्हने, काय करा लागते, त्याइले वाटू दे रबर बसलं म्हनून."

इतके महिने तो बसमध्ये ताराचंदला जे सांगत होता, ते सगळं त्याच्या तोंडात आलं आणि चव कडू झाली. रोज रिकामी व्हायची आणि रोज भरली जायची ती त्याच्या नियमाने नाही, नियम रोज गुपचूप मोडणाऱ्या पोरीने. त्याचं मन राखायला ती हे करत आली होती, आणि आज तिच्या कामाच्या एकुलत्या एका दिवशी त्याने रायफल तिच्या हातातून काढून घेतली. भैय्याजीने सांगितलं होतं, मनिषने सांगितलं होतं, तिने दोनदा सांगितलं होतं. लाज वाटते म्हणजे काय ते त्याला पहिल्यांदा इतकं स्पष्ट कळलं.

"मी जातो भैय्याजीकडे," तो म्हणाला. "पाय धरतो. जागेश्वर सराले सांगतो. पुन्हा घेतीन निवड."

"नाई घेत बाबा."

खुशबू आतून आली होती. केस धुतलेले, अंगावर घरातला सलवार-कुर्ता. ती ओट्यावर त्याच्याजवळ बसली नाही. समोर उभी राहिली आणि काट्याकडे बघितलं.

"भरली ना?"

"भरली माय." त्याने काटा तिच्याकडे फिरवला. "पोरी, तू मले जोरात काहून नाई सांगतलं? ओरडाचं होतं माह्यावर. हिसकून घ्याची होती."

"आपल्या घरी तुमीच ओरडता बाबा," ती म्हणाली.

मग तिने त्याच्या मांडीवरची रायफल उचलली. अंगणाच्या टोकाशी गेली, तोंड मातीकडे केलं आणि घोडा दाबला. छर्रा नव्हता. नुसती हवा सुटली आणि वाफ्यातली धूळ उडाली. बोल्ट ओढला, पुन्हा दाबला. पुन्हा ओढला, पुन्हा दाबला. शेजारच्या क्वार्टरमधून कुणीतरी डोकावलं. रत्नमाला म्हणाली, "पुरे कर वो," पण ती थांबली नाही. त्याने दम तोडून भरलेली सगळी हवा तिने एकेक करून सोडली. आवाज हळूहळू बारीक होत गेला आणि शेवटी नुसता हातोडा लोखंडावर वाजायला लागला.

तिने काटा पाहिला. शून्य. हातोडा उतरवला, रायफल पेटीत ठेवली, कडी लावली, किल्ली फिरवून काढली. सगळं त्याने शिकवलं होतं तसंच, एकही पायरी न चुकवता. मग पेटी आणून त्याच्यापुढे ओट्यावर ठेवली आणि किल्ली त्याच्या तळहातावर.

"रिकामी," ती म्हणाली. "उतरवलेली. घ्या बाबा, हवाली."

आणि सोमवारच्या नागपूरच्या गाडीसाठी कपडे भरायला आत गेली.